आधी आणि आता

"आत्या, कुंकू तेवढं पुसा की," मोबाइल डोळ्यांसमोर धरूनच सोनाली म्हणाली.

केराबाई पुढच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. सून आपला फोटो काढणार, म्हणून त्या पहाटे उठून न्हाल्या होत्या, ठेवणीतलं हिरवं इरकल नेसल्या होत्या, तेल लावून अंबाडा घातला होता आणि कुंकू रोजच्यापेक्षा जरा ठसठशीत लावलं होतं. सोनालीनं त्यातलं एकेक उतरवत आणलं. इरकल जाऊन घरात नेसायचं विटकं पातळ आलं. अंबाडा सुटून केस विस्कटले. खिडकी लावून ट्यूबलाइट डोक्यावर घेतला, तशा डोळ्यांखाली सावल्या पडल्या. आता कुंकू तेवढं राहिलं होतं.

"कुंकू कशाला गं?"

"आधीचा फोटो हाय ह्यो. आधीच्यात काहीच ठेवत न्हाईत. आधी जेवढं वाईट, तेवढं नंतर चांगलं दिसतंय. आमच्या क्लासच्या मॅडम सांगायच्या."

"पर कुंकू..."

"दोन मिंटं, आत्या. लगेच लावायचंच हाय की परत."

केराबाईंनी एकदा दाराकडे पाहिलं. नवरा चहाच्या टपरीवर गेला होता. त्यांनी पदराचं टोक जिभेनं ओलं केलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत कपाळ पुसलं आणि हात मांडीवर ठेवून बसल्या. "हसू नका," असं सोनाली सांगणार होती. सांगावं लागलं नाही.

सोनाली वाईट मुलगी नव्हती, हे इथंच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं तसं म्हणायला फारशी संधी मिळणार नाही. नातेपुत्याची मुलगी, बी.ए. झालेली, लग्न होऊन सोलापुरात देगाव रस्त्याला आलेली. पुण्याला जाऊन तीन महिन्यांचा मेकअपचा क्लास केला, पेटी घेतली, गोल दिवा घेतला, 'सोनाली ब्रायडल मेकओव्हर' असं नाव ठेवलं आणि घरातून गिऱ्हाइकाची वाट बघत बसली. गिऱ्हाइकाशी बोलताना 'आहे' म्हणायचं आणि घरात 'हाय', एवढी शिस्तही तिनं लावून घेतली होती. पण सहा महिन्यांत एक नवरी काही आली नाही. एक डोहाळजेवण, एक गॅदरिंग आणि शेजारणीची वरात, ज्यात शेजारीण नवरीची मावशी होती. औषधाच्या दुकानात काम करणारा तिचा नवरा जोतिराम बोलायला मऊ, पण हिशेबी माणूस. "ही लग्नसराई बघू," तो म्हणाला होता. "एक नवरी मिळाली तर पुढं चालव. न्हाय मिळाली तर टॉवेलच्या दुकानात काउंटरला जागा हाय, मी सांगून ठेवलंय." टॉवेलांच्या घड्या घालत आपलं आयुष्य चाललंय, असं सोनालीला स्वप्नातसुद्धा दिसायला लागलं होतं. तिला एक नवरी हवी होती, बाकी काही नको होतं.

म्हणून जाहिरात, आणि जाहिरातीसाठी सासू. दुसरं कुणी फुकट चार तास बसायला तयार नव्हतं.

नंतरचा फोटो मात्र अप्रतिम आला. चार तासांनंतर खुर्चीवर एक गोरीपान, भरल्या गालांची, मान किंचित कललेली बाई बसली होती. सोनालीनं तिच्या कपाळावर लाल चंद्रकोर काढली होती, तिच्याखाली सोनेरी ठिपका दिला होता. केराबाईंनी मोबाइलमध्ये पाहिलं आणि विचारलं, "ही कुनाची गं?"

फ्लेक्स छापणारा विरेश हा सोलापुरातला अनुभवी माणूस. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली, असं माणसाचं सगळं आयुष्य त्याच्या मशीनमधून बाहेर पडत असे. त्यानं दोन्ही फोटो स्क्रीनवर शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "शुभेच्छुक कुठंयत, वहिनी?"

"शुभेच्छुक कशाला? धंद्याची जाहिरात आहे ही."

"असू द्या की. बिनशुभेच्छुकाचा फ्लेक्स म्हणजे ह्या माणसाच्या मागं कुणी नाही, असं दिसतंय ते. शोभत नाही आपल्याकडं."

सोनालीबरोबर तिचे सासरे आले होते. सिद्धाप्पा सूतगिरणीतून वॉचमन म्हणून निवृत्त झालेले. गिरणीच्या फाटकावर त्यांनी आयुष्यभर इतरांचे फ्लेक्स बघितले होते आणि आपला एकदाही बघितला नव्हता. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. तो पुतण्याच्या लग्नातला होता. डोक्याला फेटा, गळ्यात हार आणि तोंडभर हसू.

"बेस्ट," विरेश म्हणाला. "मधे टाकतो. दोन बाजूंना दोन फोटो, मधे तात्या. बॅलन्स येतो. आणि ते बिफोर-आफ्टर राहू द्या, आपल्या रस्त्याला मराठीच चालतंय. डावीकडं 'आधी', उजवीकडं 'आता'. वर काय लिहू?"

"नवं रूप, नवी सुरुवात," सोनाली म्हणाली. हे तिला क्लासमध्येच सुचलं होतं.

"आणि नंबर वर मोठा. 'आजच संपर्क साधा'. तुमच्या धंद्याचं नाव खालच्या पट्टीत."

मंगळवेढ्याहून येणाऱ्या प्रत्येक एसटीला दिसेल, अशा जागी फ्लेक्स लागला. एका बाजूनं विजेचा खांब, दुसऱ्या बाजूनं कडुलिंब, आणि खाली उसाच्या रसाचं दुकान. दोनच दिवसांत ऊन वाढलं. रसवाल्यानं सावलीसाठी पुढं ताडपत्री ओढली आणि फ्लेक्सची खालची पट्टी तिच्यामागं गेली. वरचं सगळं स्वच्छ दिसत होतं. डावीकडं कपाळ पुसलेली, केस विस्कटलेली, हिरमुसली म्हातारी आणि तिच्याखाली 'आधी'. उजवीकडं गोरी, चंद्रकोर लावलेली बाई आणि तिच्याखाली 'आता'. मधे फेटा बांधून, हार घालून सिद्धाप्पा. आणि या सर्वांवर 'नवं रूप, नवी सुरुवात'.

टपरीवर सिद्धाप्पांचा भाव एकदम वाढला. गिरणीतले जुने सोबती उठून जागा द्यायला लागले.

"सिद्धाप्पा, ह्या वयात एवढं धाडस म्हंजे लई झालं," एकजण म्हणाला.

"धाडस सुनंचं," सिद्धाप्पा नम्रपणे म्हणाले. "सगळं तिनंच जुळवलं. मी नुसता मधी उबा ऱ्हायलोय."

"सुनंनं? आन जोतिराम काय म्हनला?"

"त्यो काय म्हनतोय? चालंल तेवढं चालू दे म्हनला."

"आन केराबाई?"

"ती तर चार तास बसली हुती की, कुरकुर न्हाय काय न्हाय."

विचारणाऱ्यानं कप खाली ठेवला. त्या दिवशी सिद्धाप्पांच्या चहाचे पैसे कुणी घेतले नाहीत.

घरी फोन यायला लागले. पहिल्या आठवड्यात सात आले आणि सातही पुरुषांचे. बायकोला विचारायला लाज वाटत असेल म्हणून नवरे फोन करतात, अशी सोनालीनं समजूत करून घेतली. पंढरपूर रस्त्याकडच्या एका गृहस्थांनी आधी स्वतःचं वय सांगितलं, मग शेती किती ते सांगितलं, आणि मग, "मुलांचा विरोध असेल तर तुम्ही येऊन बोलता का?" असं विचारलं. सोनाली म्हणाली, "मुलांना एकदा रिझल्ट दिसला की ते काही बोलत नाहीत." गृहस्थांनी गदगदून आभार मानले आणि फोन ठेवला. सोनालीनं वहीत त्यांच्या नावापुढं 'इच्छुक' असं लिहून ठेवलं.

आठवा फोन बाईचा होता. कुर्डुवाडीहून. वैजयंती नाव, यजमान रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, आणि मुलीचं, संस्कृतीचं, लग्न सोलापुरातल्या कार्यालयात. त्यांनी फ्लेक्स पाहिलेला नव्हता, सोनालीनं मोबाइलवर टाकलेले ते दोन फोटो पाहिले होते.

"फोटोत काय, कुणीही गोरं दिसतं," वैजयंतीबाई म्हणाल्या. "मला त्या बाई समोर बघायच्या आहेत, मेकअप केलेल्या. आणि दुसरं म्हणजे आमची मुलगी रडकी आहे. पाठवणीच्या वेळी तोंडावर ओघळ आले तर मला चालायचं नाही. तेवढं पटलं की तारीख देते. रविवारी सकाळच्या गाडीनं येतो."

सोनालीनं फोन ठेवला आणि खुर्चीवर बसून घेतलं. नवरी आली होती. एका रविवारावर सगळं आलं होतं.

त्याच आठवड्यात मंगळवेढ्याच्या पुढच्या गावाहून केराबाईंचे थोरले भाऊ निंगप्पा एसटीनं सोलापूरला आले. गावातल्या कुणीतरी त्यांना येऊन सांगितलं होतं, की तुमच्या बहिणीचा फोटो चौकात लागलाय. निंगप्पा देगावच्या पुढं उतरले, घोंगडं खांद्यावर नीट केलं आणि फ्लेक्ससमोर उभे राहिले. लिहिलेलं त्यांना फारसं वाचता येत नव्हतं, पण कपाळ वाचायला शाळा लागत नाही. बहिणीचं कपाळ मोकळं होतं. म्हणजे दाजी गेले, असं समजून त्यांनी टोपी काढली. मग नजर मधल्या फोटोवर गेली. दाजी फेटा बांधून हसत होते. मग उजवीकडं गेली. निंगप्पांनी टोपी परत घातली. रसवाल्याला त्यांनी एवढंच विचारलं, "ह्ये कवा झालं?"

"झाला की आठवडा," रसवाला म्हणाला.

ते बहिणीच्या घरी गेले नाहीत. असल्या कामाला एकट्यानं जायचं नसतं. मागच्या पावली परतीची एसटी पकडून ते गावी गेले आणि रविवारी दोन जाणती माणसं बरोबर घेऊन आले.

रविवारी सोनालीनं पहाटेपासून केराबाईंना खुर्चीवर बसवलं होतं. बेस झाला, गाल झाले, चंद्रकोर झाली. वैजयंतीबाई आणि संस्कृती आल्या तेव्हा शेवटचा हात फिरत होता.

"आत्या, लिपस्टिक वाळंपर्यंत दहा मिंटं तोंड उघडायचं न्हाय," सोनालीनं बजावलं आणि संस्कृतीच्या रंगाचा बेस जुळवून बघायला तिला आतल्या खोलीत नेलं. पुढच्या खोलीत राहिल्या वैजयंतीबाई, आणि त्यांच्यासमोर तोंड मिटून बसलेल्या केराबाई. जोतिराम दुकानात होता. सिद्धाप्पा टपरीवर होते. तिथं आता त्यांची रोजची बैठक असे.

दारात चपला वाजल्या. निंगप्पा आत आले, मागून दोघे. खुर्चीवर परकी बाई दिसताच निंगप्पांनी नजर खाली घातली ती वर केली नाही. दुसऱ्याच्या बाईच्या तोंडाकडं बघायचं नाही, ही त्यांची जन्माची रीत. ते भिंतीला टेकून खाली बसले आणि फरशीशी बोलावं तसे बोलले.

"बाई, तुमी कोन, कुठल्या, मी इचारनार न्हाय. तुमचा काय दोस बी न्हाय. तुमाला काय सांगून आनलं, देवाला ठावं."

केराबाईंनी तोंड उघडलं, सुनेची ताकीद आठवली आणि पुन्हा मिटलं.

"पर माजी भन हाय ह्या घरात. चाळीस वरसं नांदली. आमच्यात लई श्रीमंती न्हवती. मेंढरामागं फिरायचो. तवा आरसा बी न्हवता आमच्यात. केरा सकाळच्याला घागरीतल्या पान्यात तोंड बघून कुंकू लावायची आन मगच मेंढरांच्या वाड्याभाईर पाऊल टाकायची. मेंढरं खोळंबायची, मी वरडायचो, पर ती काय हलायची न्हाय." निंगप्पांनी घोंगड्याच्या दशा हातात घेतल्या. "दाजी गेलं असतं तर मी समजलो असतो. दाजी धडधाकट हाईत. हासत्यात. मग तिचं कपाळ कशापाय पुसलं? आन पुसलं तर पुसलं, चौकात कशापाय टांगलं? येनारी जानारी एसटी बगतीया. मी तिला न्ह्यायला आलोय. तुमी दोगं सुकानं ऱ्हावा, आमचं काय म्हननं न्हाय."

आतल्या दारात सोनाली ब्रश हातात घेऊन उभी होती. तिच्या पाठीमागून संस्कृती बघत होती. काय चाललंय ते सोनालीला पहिल्या चार वाक्यांत कळलं होतं, पण गिऱ्हाइकासमोर मधे पडायचं तिला धाडस झालं नाही.

केराबाई रडत होत्या. आवाज नव्हता, नुसतं पाणी चाललं होतं. भाऊ आपल्याविषयी असं काही बोलतो, हे त्यांना या वयापर्यंत माहीत नव्हतं. तोंडावर बोलण्याची पद्धतच नव्हती त्यांच्यात. डोळ्यांतून आलेलं पाणी गालांवरून सरळ खाली उतरून हनुवटीवरून ठिबकत होतं, आणि गालांवर कुठं ओघळ उमटत नव्हता. वैजयंतीबाई आपल्या जागेवरून पुढं झुकल्या. त्यांनी डावा गाल पाहिला, उजवा पाहिला आणि मुलीला हळूच म्हणाल्या, "टिकलाय गं."

शेवटी केराबाईंना राहवलं नाही. लिपस्टिक वाळली असो नसो, त्या म्हणाल्या, "दादा, च्या घेनार न्हवं?"

निंगप्पांनी पहिल्यांदाच मान वर केली.

"केरा?"

"व्हय."

"तू हितं हाईस. मग ती नवी बाई कुटं हाय?"

"ती बी मीच हाय."

"आन ती कपाळ पुसलेली?"

"ती बी मीच, दादा. सुनंचा धंदा हाय त्यो. तोंड रंगवायचा. तेचा फलक हाय."

बरोबर आलेल्या दोघांत कुजबुज झाली. "म्हंजी दाजींनी दुसरी केली न्हाय," एकजण म्हणाला. दुसरा अधिक विचारी होता. तो म्हणाला, "केलीया, पर हिच्यासंगंच केलीया."

निंगप्पा हसले नाहीत. त्यांना अजून एक विचारायचं होतं. "रंगवायचं ऱ्हाऊ दे. कुंकू कुनी पुसलं?"

वैजयंतीबाईंनी पर्समधून वही बाहेर काढली होती, ती तशीच हातात राहिली. सोनालीला त्या वहीची लाल पाठ दिसत होती. सुवासिनीचं कपाळ पुसून जाहिरात करणाऱ्या बाईच्या हाती कुठली आई आपली नवरी देईल? जीभ उचलून एक वाक्य बोलायचं होतं. 'मी पुसायला लावलं, मामा.' चार शब्द. सोनालीनं ते मनात दोनदा म्हटले.

केराबाईंनी एकवार सुनेकडं पाहिलं आणि मग भावाकडं.

"कोन पुसतंय? उन्हातनं आले हुते. घामानं गेलं आसंल. माज्याच ध्येनात आलं न्हाय."

सोनाली फरशीकडं बघत राहिली. तेवढ्यात वैजयंतीबाईंनी वही उघडली, पेन शोधलं आणि तारीख सांगितली. चोवीस तारीख, सकाळचा मुहूर्त, कार्यालयात पहाटे पाचला पोचायचं. "ठरलं मग," त्या म्हणाल्या. सोनालीनं "हो, हो" म्हटलं. सहा महिने ती ज्या क्षणाची वाट बघत होती तो असा येऊन गेला, आणि तिला त्यात काही गोड लागलं नाही.

चहा झाला. निंगप्पा उठले, बहिणीच्या डोक्यावर हात ठेवायला गेले, केसांतली फुलं बघून हात मागं घेतला, आणि निघाले. चौकात येऊन त्यांनी रसवाल्याकडून ऊस तासायचा कोयता मागून घेतला, त्याच्याच स्टुलावर चढले आणि फ्लेक्सचा डावा भाग वरून खालपर्यंत सरळ कापून काढला. 'आधी' ही अक्षरंही त्याच्याबरोबर आली. त्यांनी त्याची घडी घोंगड्यात ठेवली, कोयता परत केला आणि मंगळवेढ्याच्या एसटीला हात दाखवला. टपरीवरून सिद्धाप्पा हे सगळं बघत होते. मेहुणे आले कधी, चालले कुठं आणि कोयता कशाला, यातलं काहीच विचारायला त्यांना सुचलं नाही.

फ्लेक्सवर आता हार घातलेले सिद्धाप्पा राहिले, आणि त्यांच्या शेजारी 'आता'.

"मिटलं म्हनायचं," एक सोबती म्हणाला. "भाऊ येऊन आधीचीला घिऊन गेला. लई समजूतदार मानसं हाईत."

दिवेलागणीला केराबाई पुन्हा त्याच खुर्चीवर बसल्या. "आता ह्ये काड बया," त्या म्हणाल्या. "तोंड आवळल्यागत झालंय."

सोनालीनं कापसाला तेल लावलं आणि गालांपासून सुरुवात केली. खालून हळूहळू केराबाईंचा रंग यायला लागला, उन्हानं भाजलेला, डोळ्यांच्या कडेला बारीक सुरकुत्या असलेला. गाल झाले, नाक झालं, हनुवटी झाली. कपाळाशी आल्यावर सोनालीचा हात थांबला. चंद्रकोर पुसल्याशिवाय तिच्याभोवतीचा रंग निघत नव्हता. तिनं कडेकडेनं पुसून पाहिलं. सावळ्या कपाळावर मधे पांढरट गोल आणि त्यात चंद्रकोर, असं विचित्रच काहीतरी दिसायला लागलं.

केराबाईंनी तिच्या हातातला कापूस घेतला आणि कपाळ स्वतःच पुसून टाकलं.

"रोज तोंड धुतानं जातंच की त्ये," त्या म्हणाल्या. "पुसलं म्हनून मला काय वाटलं न्हाय. तू सांगितलंस, मी पुसलं. पर खाली 'आधी' ल्हिवलंस." त्यांनी कापसाची घडी घातली. "तू ह्या घरात येऊन चार वरसं झाली. रोज बगतीस मला. आधी मी अशी हुते व्हय गं?"

सोनालीनं मोबाइल उचलला. एखादा तरी फोटो असेल, चुलीपुढचा, सणाचा, हसतानाचा. मोबाइलमध्ये हजारभर फोटो निघाले. ब्रश, पेटी, डोळे, ओठ, तिचं स्वतःचं तोंड सगळ्या बाजूंनी. सासूचे दोनच होते, आणि ते दोन्ही तिनंच केलेले होते.

ती उठून परसात गेली आणि कुर्डुवाडीला फोन लावला. टॉवेलाच्या दुकानाचा विचार मनात आला, पण आता तो आला तरी फरक पडत नव्हता.

"ताई, एक सांगायचं होतं. आधीच्या फोटोसाठी सासूबाईंना कुंकू मी पुसायला लावलं. घामानं गेलं नव्हतं. त्या खोटं बोलल्या, माझ्यासाठी. तुम्हाला तारीख दुसऱ्या कुणाला द्यायची असेल तर..."

"ते मला तेव्हाच कळलं," वैजयंतीबाई म्हणाल्या. "त्या खोटं बोलताना तुमच्याकडं बघत होत्या, आणि तुम्ही खाली बघत होता. गाडीत बसल्यावर दोनदा वाटलं की नको म्हणून कळवावं."

"मग कळवलं का नाही?"

"संस्कृती म्हणाली, अशी सासू ज्या घरात आहे तिथंच करून घेऊ. मेकअप तुम्ही करा. चांगला करता. पण मुलीच्या कपाळाला कुंकू तुम्ही लावायचं नाही. सासूबाईंना बरोबर आणा, त्या लावतील."

सोनाली "बरं" म्हणाली. याच्यावर रागवायचा आपल्याला हक्क नाही, हे तिला समजत होतं.

आत येऊन तिनं सगळं सांगितलं. वैजयंतीबाईंची अट ऐकून केराबाई गडबडल्या. एवढ्या मोठ्या कार्यालयात आपलं काय काम, असं त्यांचं म्हणणं. मग म्हणाल्या, "येते. पर मी बोटानं लावनार. तुज्या त्या ब्रशानं न्हाय." बोलता बोलता त्यांनी कोनाड्यातली डबी घेतली, तिच्या झाकणातल्या चिमुकल्या आरशात बघितलं आणि रोजच्यासारखं कुंकू लावलं. त्या हसल्याही थोड्या. सोनालीनं हे आजवर कधी थांबून पाहिलेलं नव्हतं.

"आत्या," ती मोबाइल न उचलताच म्हणाली, "उद्या उजेडात तुमचा एक फोटो काढते. अशाच. काही लावायचं न्हाय, काही काढायचं न्हाय."

केराबाईंनी डबी बंद केली.

"आता नगं बाळा," त्या म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात. "आता कुनी फोटू म्हनलं की माजा हात कपाळाकडं जातोय."

आणि त्या भाकरी टाकायला आत गेल्या.